मी बोटीवर, सासूबाई होममध्ये

आधीच सांगून टाकते, बोट आमची नव्हती आणि हौसही आमची नव्हती. नवऱ्याचा कॉलेजातला एक मित्र लंडनजवळ हाउन्सलोला राहतो, एअरपोर्टवर कामाला आहे. त्याने लग्नाच्या वाढदिवसासाठी क्रोएशियात चार दिवसांची शिडाची बोट ठरवली होती, ती चालवणाऱ्या स्किपरसकट. जेमतेम महिना उरला असताना त्याची बायको जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला. "बोट काही कॅन्सल होत नाही, तुम्ही दोघं जा," असं तो स्पीकरवर म्हणाला तेव्हा मी फोडणी करत होते. मी तिथूनच ओरडले, "आणि आईंचं काय?"

गेली सात वर्षं आमच्या घरात प्रत्येक गोष्टीवर हाच प्रश्न असतो. पुण्यात भाचीचं लग्न निघालं, आईंचं काय. लेस्टरला कोणाकडे जेवायला बोलावलं, आईंचं काय. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. व्हिसाचे नियम बदलायच्या आधी आमच्याकडे मिल्टन कीन्सला कायमच्या राहायला आल्या. तेव्हा चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या, रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल पायवाटेवरून, एकट्या तळ्यापर्यंत चालत जायच्या. मग पार्किन्सन्स झाला. डोकं अजून लख्ख, पण हात ऐकत नाहीत. चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धं अंगावर सांडतं, म्हणून भरवावं लागतं. आवाजही गेल्या दोन वर्षांत इतका बारीक झालाय की कान जवळ न्यावा लागतो.

सकाळी अर्धा तास कौन्सिलची बाई येते, अंघोळ घालून जाते. बाकीचा दिवस माझा. मी एका विमा कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दोन मीटिंगच्या मध्ये भरवणं, तिसऱ्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पॅड बदलणं. गोळ्यांच्या वेळा मिनिटावर पाळाव्या लागतात, त्यासाठी माझ्या फोनमध्ये चार गजर आहेत. नवरा करतो, नाही असं नाही. त्याने न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, व्हीलचेअरसाठी दाराला उतार केला, रात्री कूस बदलायला तोच उठतो. पण भरवायला बसला की पाच मिनिटांत म्हणतो, "नको म्हणतेय गं ती." आणि वाटी घेऊन परत येतो. मग मी जाते आणि सगळं संपवून आणते. वाटी संपवून आणण्याचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

त्या सुमाराला सोशल वर्करची फेरी होती. तिने विचारलं, "तुमचा शेवटचा ब्रेक कधी झाला?" मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. तिने वहीत काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांत एका केअर होममध्ये आठवडाभराची जागा मिळाल्याचं पत्र आलं. शनिवार ते शनिवार. घरापासून चार राउंडअबाउट पलीकडे.

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. म्हटलं, "आई, आम्ही चार दिवस फिरायला जाऊ का? तुम्हाला आठवडाभर दुसरीकडे राहावं लागेल." त्या खिडकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "जा की." एवढंच. मला वाटलं, मनाला लागलंय पण बोलत नाहीत. त्यांच्या पिढीतल्या बायका कुठे बोलतात.

होमने चार पानी फॉर्म दिला होता. काय आवडतं, काय नाही, झोप कशी, औषधं कोणती. मी त्याला आणखी सात पानं जोडली. चहा कसा, दूध किती, साखर किती. उशा तीन, मधली पातळ. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. केस विंचरताना गुंता खालून सोडवायचा. संध्याकाळी देवाचं नाव घेतात, तेव्हा टीव्ही लावू नये. पाणी, दुखतंय, थंडी वाजतेय असे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, उच्चारासकट. माझं कामच ते आहे, काय काय बिघडू शकतं याची यादी करणं. मॅनेजरबाई पानं उलटत म्हणाली, "हे तर छोटं पुस्तकच झालं की!" मी म्हटलं, काही राहिलं असेल तर फोन करा.

शनिवारी सोडून आले आणि पार्किंगमध्ये गाडीतच रडले. नवरा म्हणाला, "अगं, आठवडा आहे." मी म्हटलं, "तू गाडी चालव."

स्प्लिटच्या बंदरात बोट उभी होती, पांढरी, आमच्या बैठकीच्या खोलीहून जेमतेम मोठी. स्किपर म्हणजे एक पस्तिशीची बाई निघाली. उन्हाने भाजलेली, दंड पैलवानासारखे, बोलणं मोजकं. शीड तीच उभारायची, सुकाणू तिच्याच हातात आणि दुपारचं रांधायचीही तीच. आम्ही काय करायचं विचारलं तर म्हणाली, "बसायचं."

बसायचं! मला बसताच येईना. तिने कांदा चिरायला घेतला की मी उठायची. ताटल्या गोळा केल्या की मी सिंकपाशी. शेवटी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर आणून बसवलं, लहान मुलाला बसवतात तसं. मग मी बसले आणि समुद्र बघितला. निळा होता. बेटं होती, त्यांच्यावर पाइनची झाडं, मध्येच पांढऱ्या दगडांची घरं, लाल कौलं. सुंदर होतं, नाही कोण म्हणतंय. नवरा फोटो काढून काढून दमला. पण थकलेल्या माणसाला सुंदर गोष्टीही थोड्या जडच जातात. मला वाटायचं, हे सगळं कोणीतरी आत्ता बंद करावं आणि मला एका अंधाऱ्या खोलीत निजू द्यावं.

तेही जमत नव्हतं. पहाटे साडेपाचला डोळा उघडायचा, कारण ती पॅडची वेळ. सकाळी सातला गजर वाजला, मी धडपडून उठले आणि छताला डोकं आपटलं. अकराला परत वाजला. नवरा म्हणाला, "घरी आत्ता दहाच वाजलेत. गजरही चुकीचा आणि पेशंटही नाही." त्याने फोन माझ्या हातातून घेतला, चारही गजर बंद केले आणि फोन स्वतःच्या खिशात घातला. म्हणाला, "काही असलं तर होमवाले मला करतील." मी भांडले नाही. भांडायलाही ताकद लागते.

होमचे मेसेज रोज येत होते. सोमवारी आला, छान रुळल्या आहेत. मंगळवारी आला, अगदी गोड बाई आहेत, काहीच त्रास नाही. नवऱ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "बघ." माझा जीव जरा भांड्यात पडला. मंगळवारी दुपारी मी पाय पाण्यात सोडून मागच्या फळीवर बसले. पोहता येत नाही मला. पण तासभर बसले, आणि तेवढ्या तासात एकदाही कोणाचं काही आठवलं नाही. नंतर ते लक्षात आल्यावर अपराधी वाटलं, तो भाग वेगळा.

बुधवारी दुपारी एका खाडीत नांगर टाकला होता. आजूबाजूला टेकड्या, दुसरी बोट नाही. स्किपरने मासा भाजला होता, आणि बटाटा घालून लसणीची पालेभाजी केली होती ऑलिव्ह तेलात. मला ती भाजी फारच आवडली. आपल्याकडच्या चाकवताच्या जवळची चव. ताटली रिकामी झाली तशी ती पातेलं घेऊन आली. "आणखी?"

"नको नको, बास झालं," मी म्हणाले. इंग्रजीतच म्हणाले, पण सूर सगळा घरचा. ताटलीवर हातही आडवा धरला.

ती वळली आणि उरलेली सगळी भाजी नवऱ्याच्या ताटलीत ओतली. मी बघतच राहिले. अगं बाई, मला हवी होती! अजून भूक होती मला. नवरा हसायला लागला. "वीस वर्षं झाली इंग्लंडात, अजून पहिल्या झटक्यात हो म्हणता येत नाही तुला?"

खरं म्हणजे येतं. ऑफिसात, शेजारी, मला येतं. पहिल्याच वर्षी समोरच्या बाईने चहा विचारला होता, मी नको म्हटलं आणि तासभर कोरड्या घशाने तिच्याकडे बसले होते, तेव्हा शिकले. पण घरात दुसरी पद्धत. घरात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. हे मला शिकवलं सासूबाईंनीच. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला त्यांनी दुसरी पुरणपोळी विचारली आणि मी "हो, वाढा" म्हणाले. त्यांच्या भुवया अशा वर गेल्या! त्या स्वतः दोनदा नको म्हणायच्या, ताटावर हात धरायच्या, तिसऱ्यांदा कोणी "अहो, घ्या हो, एवढीशीच आहे" म्हटलं की नाइलाज झाल्यासारखा हात बाजूला घ्यायच्या. आजही तसंच. पहिला घास नको, दुसरा नको. मी "माझ्यासाठी एक" म्हणते, मग तोंड उघडतं.

आणि तिथे, त्या खाडीत, रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसले असताना मला एकदम तो फॉर्म आठवला. अकरा पानं लिहिली होती मी. उशा लिहिल्या, केसांचा गुंता लिहिला. तीनदा विचारा, हे लिहिलं नव्हतं. लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं. श्वास घेतात असं कोणी फॉर्ममध्ये लिहितं का?

काहीच त्रास नाही, असा मेसेज होता. आता कळलं त्रास का नाही ते.

"फोन दे," मी नवऱ्याला म्हटलं. "आत्ता दे."

खाडीत सिग्नलची एक काडी यायची आणि जायची. स्किपरला सांगितलं, तिने काही न विचारता नांगर उचलला आणि इंजिन लावून जवळच्या एका गावाच्या धक्क्याला बोट आणली. त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी सासूबाईंना मनात कितीदा मारलं ते मला विचारू नका. चौऱ्याऐंशीचं वय, मूठभर वजन, पाच दिवस.

ज्या बाईने फोन उचलला ती प्रेमळ होती, तेच वाईट. म्हणाली, "थांबा हं डार्लिंग, चार्ट बघून सांगते." आणि वाचायला लागली. सोमवार, नाश्ता: नाकारला, चहा घेतला. दुपार: चार चमचे सूप, बाकी नाकारलं. संध्याकाळ: दही अर्धी वाटी. मंगळवार, नाश्ता: नाकारला. ती वाचत होती आणि मी धक्क्यावर उन्हात उभी राहून ऐकत होते. "पण फार सभ्य आहेत," ती मध्येच म्हणाली, "दर वेळी नो थँक्यू म्हणतात, गोड हसतात."

"अहो, ते खरं नको नसतं!" मी ओरडलेच. "आमच्यात तसं म्हणायची रीत असते. तुम्ही परत विचारायचं. तीनदा. थोडा आग्रह करायचा."

 ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "आम्ही दहा मिनिटांनी परत विचारतो. पण कोणी नको म्हटलं तर जबरदस्ती नाही करत. तो त्यांचा चॉइस आहे ना. पाणी-चहा नीट घेतायत, नर्सने काल तपासलंय, काळजीसारखं काही नाही."

चॉइस! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "चॉइसने पोट भरत नाही," आणि असं काय काय बोलले जे मला आता आठवून लाज वाटते. ती बिचारी "हो डार्लिंग, हो डार्लिंग" करत राहिली. सासूबाईंशी बोलायचंय म्हटलं तर त्या झोपल्या होत्या. दुपारी दोनला! घरी त्या दुपारी झोपत नाहीत. मला वाटलं, अशक्तपणा आला.

फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, आपण परत जातोय. तो म्हणाला, "नर्सने बघितलंय ना. उद्याचा एकच दिवस आहे. परवा सकाळी निघतोच आहोत."

"तुझी आई आहे की माझी?"

"माझी आहे. म्हणून तर सात वर्षांनी तुला घेऊन आलोय ना इथे!" तो एकदम मोठ्यांदा म्हणाला. हा माणूस आवाज चढवत नाही. धक्क्यावरचे दोन म्हातारे आमच्याकडे बघायला लागले. "आरशात बघ एकदा स्वतःला. तू पडलीस तर आम्ही दोघांनी काय करायचं?"

मी वळले. बोटीत जाऊन बॅग भरायला घेतली. पाचेक मिनिटांनी तो आत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि फोनवर गुरुवारी सकाळचं ल्यूटनचं विमान शोधायला लागला. स्किपरला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, "तुमची आई?" मी हो म्हटलं. तिने संध्याकाळच्या आत स्प्लिटला पोचवलं. उतरताना मी तिचा हात धरला, सॉरी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तिचा एक दिवस सुट्टीचा वाढला होता.

गुरुवारी दुपारी घरी पोचलो. मी बूटसुद्धा काढले नाहीत, आधी कुकर लावला. मऊ भात, वर मेतकूट, तूप, मीठ, लिंबाचे दोन थेंब. त्यांना ते मनापासून आवडतं. डबा टॉवेलात गुंडाळला आणि एकटीच निघाले, कारण नवऱ्याला म्हटलं, तू दमला असशील. खरं म्हणजे मला त्याच्यासमोर होमवाल्यांशी भांडायचं नव्हतं. भांडण मात्र तयार होतं. चारही राउंडअबाउटवर मी त्याची उजळणी केली.

खोलीचं दार उघडं होतं. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मी एका मरायला टेकलेल्या बाईला बघायला आले होते, आणि समोर सासूबाई बसल्या होत्या, केसांची घट्ट वेणी घातलेल्या, अंगावर कोणाचीतरी लव्हेंडर रंगाची शाल. चेहरा थोडा उतरला होता का? असेल थोडा. पण कपाळावरची आठी, जी मला गेल्या दोन वर्षांपासून कायमची वाटत होती, ती नव्हती.

"आलीस?" त्या म्हणाल्या. मी वाकून कान जवळ नेला. "आज काय वार?"

"गुरुवार. आई, भात आणलाय. मेतकूट-भात. गरम आहे."

"आत्ता नको."

"अहो, थोडासा. पाच दिवस काही खाल्लं नाहीत तुम्ही." मी खुर्ची ओढली, डबा उघडला, रुमाल त्यांच्या गळ्याशी खोचला. पहिला चमचा पुढे केला. त्यांनी तोंड मिटलेलं ठेवलं. "एकच घास. माझ्यासाठी." तोंड उघडलं. दुसरा. "हा शेवटचा." तिसरा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बघा, असं विचारायचं असतं, असं त्या फोनवरच्या बाईला बोलावून दाखवावंसं वाटलं. मी चौथा चमचा भरला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"इथल्या मुली चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"चांगल्या कसल्या. उपाशी ठेवलं तुम्हाला."

"उपाशी कशाला? लागली भूक तेवढं खाल्लं." मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "एकदा नको म्हटलं की नेतात. मागे लागत नाहीत."

"तेच तर म्हणतेय मी!"

"मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. कान आणखी जवळ नेला. त्यांचा हात शालीखाली थरथरत होता, आवाज मात्र स्थिर होता. "पोटात जागा नसते गं आता. घास उतरत नाही खाली, अडकतो. पण तू मीटिंगमधून पळत येतेस, वाटी संपली की तुझा चेहरा असा होतो... नाही कसं म्हणू? म्हणून खाते."

"कधीपासून?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, हिशेबी माणूस करतो तसा. "दोन-तीन वर्षं झाली असतील."

मला राग आला. खोटं सांगणार नाही, आधी दया नाही आली, रागच आला. दोन-तीन वर्षं! रोज तीन वेळा, चाळीस-चाळीस मिनिटं, जेवण गार होऊन पुन्हा गरम करून, कॅमेरा बंद करून, कधी स्वतःचं जेवण सोडून मी त्या वाट्या संपवत होते. आणि त्या माझी समजूत घालायला गिळत होत्या. दोघी एकमेकींसाठी दमत होतो, आणि एकीने तरी तोंड उघडून बोलावं की नाही! मी म्हटलं, "मग सांगायचं नाही का, आई?"

"मी म्हणतच होते की नको," त्या म्हणाल्या.

 चमचा भरलेला तसाच हातात होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये चहाची ट्रॉली आली. एका मुलीने दारातून डोकावून विचारलं, चहा? सासूबाईंनी मान हलवून हो म्हटलं. पहिल्याच विचारण्याला. ती मुलगी कप ठेवून, माझ्याकडे बघून हसून, पुढच्या खोलीत गेली.

"तुझे अजून दिवस होते ना तिकडे?" त्यांनी विचारलं.

"एक होता."

"मग कशाला आलीस?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "माझेही दोन आहेत अजून."

मी चौथा चमचा डब्यात परत टाकला. त्यांच्या गळ्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं, चहाचा कप त्यांच्या ओठाशी धरला. दोन घोट त्यांनी घेतले, मग मान मागे घेतली. मी कप खाली ठेवला. फार अवघड गेलं ते मला, कप अर्धा भरलेला होता. हात परत परत तिकडे जात होता.

मॅनेजरबाईशी भांडायचं राहून गेलं. तिच्या टेबलावर मी लिहिलेली अकरा पानं पडली होती, कोपरे दुमडलेली, कोणीतरी खरंच वाचलेली. ती उठून उभी राहिली, बहुतेक फोनवरचं तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने विचारलं, आज घेऊन जाणार का त्यांना? मी म्हटलं, विचारून येते.

परत खोलीत गेले. त्यांचे डोळे मिटले होते. मला वाटलं झोपल्या, मी डबा उचलला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"शनिवारी सकाळी न्यायला येते, आई," मी म्हटलं.

"ये," त्या म्हणाल्या. मग मी दाराशी पोचल्यावर, त्यांना जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळी आलीस तरी चालेल."